छातीवरची पिशवी

कतारमधल्या अल खोरला थंडी आली हे मला आवाज थांबल्यावर कळतं. महिनोन् महिने घरघरणारा एसी एके सकाळी मी बंद करते आणि घर एवढं गप्प होतं, की स्वयंपाकघरातल्या फ्रिजची कुरकुरसुद्धा ऐकू यायला लागते. खिडकी उघडली की समुद्राकडून खारट, ओलसर वारा आत येतो. खाली कंपनीच्या बसचं दार फुस्स करून उघडतं आणि नवरा रास लफानच्या गॅस प्लांटवर निघून जातो. लेक सई शाळेच्या बसमध्ये चढताना वर न बघताच हात हलवते. पुढचा सगळा दिवस माझ्या एकटीचा. उन्हाळ्यात या एकटेपणाचं काही वाटत नाही, कारण तेव्हा इथे सगळेच आपापल्या घरात कोंडलेले असतात. थंडीत दार उघडतं, रस्ते मोकळे दिसतात, लोक गाड्यांवर तंबू लादून वाळवंटाकडे निघतात, आणि आपल्याला कुणाबरोबर निघायचंय हा प्रश्न पडतो.

याच दिवसांत मी कपाटावरची सॅक खाली काढते. गेल्या वर्षीची वाळू अजून तिच्या शिवणींत असते. गॅलरीत झटकून मी ती पाठीवर चढवते, खांद्याचे पट्टे ओढते आणि शेवटी कमरेचा पट्टा लावते. तो उजव्या बाजूच्या हाडावर बसला की क्षणभर श्वास अडतो. तिथे आता काही नाही. एके काळी तिथे काळानिळा डाग होता, पेरूएवढा. एका हंगामात कित्येक आठवडे मी तो अंगावर वागवला होता.

लग्नाआधी मी पोलिसांत होते. जिल्ह्याच्या दलात साधी शिपाई. त्या वर्षी पाऊस ओसरत असताना मला मालतीताईंच्या संरक्षणाची ड्युटी लागली. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई, वय साठीचं, घरात एकट्या. आमच्या डोंगराच्या माथ्यावर एक मोठं पठार आहे, तिथे खाण होणार होती. ताईंनी त्याविरुद्ध कोर्टात अर्ज केला, आणि मग त्यांना फोन यायला लागले. एका सकाळी त्यांच्या गाडीची काच फुटलेली सापडली. कोर्टानं संरक्षण द्यायला सांगितलं. बाईमाणूस म्हणून बाई शिपाई हवी, म्हणून मी. हुकूम असा होता की साध्या कपड्यांत राहायचं आणि हत्यार कुणाच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही. ताई वाड्यावस्त्यांवर जाऊन लोकांशी झाडापाल्याबद्दल बोलत. शेजारी खाकी दिसली असती तर कुणी तोंड उघडलं नसतं.

पहिल्या दिवशी दारातच त्या म्हणाल्या, "हे बघ, मला बंदूक घेऊन फुलं बघायची नाहीत."

मी म्हटलं, "मॅडम, बंदूक मी घेते. फुलं तुम्ही बघा."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. पायांत बूट घालून, काठी घेऊन त्या निघाल्या आणि मी त्यांच्या मागे, उजव्या बाजूला, चार पावलांवर. सबंध हंगाम मी अशीच चालले. त्यांच्या बुटांच्या टाचा, पाठीवरची पिकलेली शेपटी, काठी धरलेला हात, एवढंच मला तोंडपाठ झालं. कुणी भेटलं की त्या सांगायच्या, "ही माझी भाची. शिकतेय माझ्याजवळ."

पठारावर तेव्हा गेंदाच्या फुलांची पांढरी बटणं पसरलेली होती, कडेकडेनं सोनकी पेटलेली. मी त्याच तालुक्यात वाढले, पण ते पठार त्या रंगात मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही नीट बघितलं नाही. माझं सगळं लक्ष कमरेकडे होतं.

किलोभर लोखंड अंगावर लपवून डोंगर चढणं ही काय गोष्ट आहे, हे चढल्याशिवाय कळत नाही. सपाट रस्त्यावर पिस्तूल कमरेला, कुर्त्याच्या आत, निमूट बसतं. पाठीवर सॅक आली की सगळं बिघडतं. सॅकचा कमरेचा पट्टा नेमका पिस्तुलावर येतो. आवळला तर पिस्तूल हाडात घुसतं. सैल सोडला तर सगळं ओझं खांद्यांवर येतं आणि दुपारपर्यंत मान अवघडते. पाठीच्या कण्याशी खोचून बघितलं, तर सॅकचं बूड दर पावलाला त्यावर आपटायचं, आणि पाय घसरून उताणी पडले असते तर कणाच मोडला असता. सॅकमध्ये ठेवलं तर ते असून नसल्यासारखंच. शिवाय घाम. रोज संध्याकाळी खोलीवर परतले की आधी पिस्तूल पुसायचं, तेल द्यायचं आणि मग स्वतःच्या हाडाला तेल लावायचं.

आमच्या शस्त्रागाराचे कदम हवालदार मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "टोचतंय ते बरंय पोरी. टोचतंय तवर ध्यानात ऱ्हातंय. टोचायचं थांबलं की मानूस इसरतंय."

एके दुपारी पठाराच्या टोकाशी, जिथे तांबडा गाडीरस्ता वर येतो, तिथे एक मोटरसायकल आली. दोघेजण, तोंडाला रुमाल. त्यांनी आमच्याभोवती एक सावकाश चक्कर मारली. ताई वाकून गवतात काहीतरी बघत होत्या, त्या उभ्या राहिल्या. मी पुढे झाले. उजवा हात कमरेकडे गेला आणि तिथेच अडकला. कुर्त्याची कड पट्ट्याखाली दाबली गेली होती, पट्ट्याखाली पिस्तूल, आणि पट्ट्याचं बक्कल घामेजल्या बोटांतून निसटत होतं. मी नुसतीच खाजवल्यासारखी कमरेशी चाचपडत राहिले.

"ऊन लई हाय मॅडम," मागे बसलेला म्हणाला. "जपून जावा."

मोटरसायकल खाली उतरून आवाज पुरता विरेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मग ताई एका दगडावर बसल्या. मी अजून कुर्त्याची कड सोडवत होते, ते त्यांनी बघितलं.

"वस्तू निघाली नाही ना?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"घरी चल," त्या म्हणाल्या. "त्या वस्तूला नीट जागा करू."

तोवर त्या पिस्तुलाला 'वस्तू'च म्हणायच्या, तेसुद्धा नाक मुरडून. त्या संध्याकाळी मात्र शिवणयंत्रापाशी बसून त्यांनी त्या वस्तूची लांबी-रुंदी पट्टीनं मोजली. बिया गोळा करायची त्यांची एक जुनी कॅनव्हासची पिशवी होती. तिला त्यांनी दोन पट्टे असे लावले, की ती छातीच्या खाली, पोटाच्या वर, घट्ट बसेल आणि सॅकच्या पट्ट्यांच्या आड येणार नाही. कदम हवालदारांनी चांभाराकडून आत जाड चामड्याचा कप्पा शिवून घेतला, म्हणजे पिस्तुलाच्या घोड्याला काही लागायला नको. कप्प्याचं तोंड उजव्या हाताच्या बाजूला. बाहेरच्या कप्प्यात खरोखरच बिया, कागदाच्या पुड्यांमध्ये.

दुसऱ्या दिवशी मी पठारावर नीट श्वास घेतला. कमरेचा पट्टा मोकळेपणी आवळता येत होता, ओझं कमरेवर उतरलं होतं, खांदे सुटे होते. बसता येत होतं, वाकता येत होतं. बसून भाकरी खातानाही पिशवी अंगावेगळी करायची नाही, हा एकच नियम. धनगरवाड्यातली एक म्हातारी रोज विचारायची, "भाचीबाई, पोटाशी काय धरलंयस गं लेकरावानी?" मी म्हणायची, "बिया हायत आजी." खोटं नव्हतं. त्या पिशवीला एक वास यायचा. वाळल्या फुलांचा आणि तेलाचा मिळून. तसा वास मला पुन्हा कधी कुठे आला नाही.

आणि मग खरंच कदम हवालदार म्हणाले तसं झालं, मी विसरायला लागले. कार्तिकात गवत पिवळं पडलं, कुसळं मोज्यांत घुसू लागली. ताई सोपी नावं सांगायच्या, मी ती घोकायची. एके दिवशी भाकरी खाताना त्या आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांची नक्कल करू लागल्या. ते गृहस्थ गुलाबालाही लॅटिन नावानं हाक मारत म्हणे. मी हसले, इतकी हसले की गुडघे पोटाशी घेऊन पुढे कलले आणि गाल पिशवीवर टेकला. आत ते कडक, थंड. गालाला कापडातून त्याचा आकार कळला. हसणं तिथंच थांबलं. मी उठून बसले, चारी दिशांना बघितलं. पठारावर कुणीही नव्हतं, नुसतं वाऱ्यानं हलणारं गवत.

"काय झालं गं?" ताई म्हणाल्या.

"काही नाही मॅडम."

"मॅडम काय म्हणतेस? आत्ता तर बरी हसत होतीस."

मी तोवर खोलीवर एकटी राहायची. आईवडील गावाकडे, सोबतच्या पोरी आपापल्या ड्युट्यांवर. कुणाच्या तरी बरोबर बसून, पोट दुखेपर्यंत हसत जेवल्याला वर्षं लोटली होती. आणि हे जेवण मला सरकारी हुकमानं मिळालेलं होतं, हुकूम फिरला की संपणारं. ते मला गालाला लोखंड लागलं तेव्हा समजलं.

इथे, कतारमध्ये, असलं काही अंगावर बाळगायचा प्रश्नच येत नाही. या देशात मी कुणाला कशाला घाबरताना बघितलेलं नाही. लोक गाडी चालू ठेवून दुकानात जातात. "तू सुटलीस," नवरा म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण माझ्यातलं काहीतरी इथे आल्यापासून बेकार बसून असतं.

दोन थंड्यांमागे मला नजमा भेटली. आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. रत्नागिरीकडची, नवरा एका कंपनीत क्लार्क. लिफ्टमध्ये मी सईला "सॅक नीट धर गं" म्हटलं आणि सईनं इंग्रजीत उत्तर दिलं, तेव्हा मागून आवाज आला, "माझी पण अशीच. मी मराठीतनं रागावते, ती इंग्लिशमधनं ऐकते." त्यानंतर सबंध थंडी आम्ही दर शुक्रवारी चाललो. कधी जवळच्या खारफुटीत, कधी कुणाच्या गाडीतून पार पश्चिमेला, झेकरीत नावाच्या जागी, जिथे वाऱ्यानं कोरलेले पांढरे खडक छत्र्यांसारखे उभे आहेत.

झेकरीतच्या त्या दिवशी आम्ही दोघी बाकीच्यांच्या मागे पडलो होतो. पाठीवर सॅक, पायाखाली चुनखडीचा चुरा, ऊन सौम्य. नजमा खडकाला टेकून बुटातली वाळू काढत होती. तेवढ्यात दूरवरून धुळीचा लोट आला आणि एक लँड क्रूझर वाट सोडून थेट आमच्या दिशेनं वळली. भरधाव. मला काही कळायच्या आत माझ्या डाव्या हातानं नजमाला मागे ढकललं होतं आणि उजवा हात छातीवर गेला होता. तिथे नुसता शर्ट होता. बटणं.

गाडी थांबली. काच खाली आली. आत पांढरी दाढी, पांढरा पायघोळ थोब, एक म्हातारा कतारी गृहस्थ.

"गाडी खलास?" त्यानं हिंदीत विचारलं. "पानी? पानी है?"

दोन बायका वाळवंटात पायी दिसल्या, म्हणजे गाडी बंद पडली असणार, असं त्याला वाटलं होतं. नजमानं मोडक्यातोडक्या अरबीत समजावलं की गाडी ठीक आहे, आम्ही मुद्दाम चालतोय, शुक्रन, शुक्रन. गाडी असून पाठीवर ओझं घेऊन कुणी मुद्दाम का चालेल, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. त्यानं आम्हाला पाण्याच्या दोन बाटल्या आणि खजुराचा एक डबा दिला, आणि मान हलवत निघून गेला.

नजमा हसत होती. माझ्याकडे बघून थांबली.

"काय गो, छातीत दुखतंय काय तुझ्या?"

"नाही."

"मग हात का असा धरलास? खरं सांग. माझ्या अब्बांचं असंच झालं होतं."

हात अजून तिथेच होता. मी तो काढला आणि खडकाच्या सावलीत बसून तिला सगळं सांगितलं. पोलिसांत होते हे इथे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ताई, पठार, काळानिळा डाग, मोटरसायकल, पिशवी. नजमा खजूर खात ऐकत राहिली. बिया तिच्या तळहातावर साठत गेल्या.

"मग? काय झालं पुढे? आले ते लोक परत?"

"कुणीच आलं नाही. माघात निकाल लागला. पठाराचा अर्धा भाग खाणीला गेला, अर्धा राहिला. भांडण संपलं, म्हणून संरक्षण काढलं. फोन आला, की उद्यापासून जाऊ नको, हत्यार जमा कर."

"आणि तू जमा केलंस?"

"त्याच संध्याकाळी."

पुढचं सांगताना मला जरा जड गेलं. त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी आपण होऊन ताईंकडे गेले होते. त्या बूट घालून निघालेल्याच होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज ड्युटी नाही ना? मग शेजारून चाल. मागे कुणी असलं की मला बोलता येत नाही. सगळा हंगाम मान वळवून वळवून बोलले मी तुझ्याशी."

मी शेजारून चालायला लागले. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला चालताना बाजूनं दिसला. चढावर त्या खालचा ओठ दातांत धरायच्या. उजव्या कानाशी एक तीळ होता. एवढे महिने त्यांच्या मागे राहून यातलं काहीच मला माहीत नव्हतं. पठारावरचं गवत वणव्यात जळालं होतं, पायाखाली काळी राख उडत होती. माझं पाऊल आपोआप मागे पडायचं, त्या थांबायच्या, मी पुढे यायची. आणि सगळा वेळ मला भीती वाटत होती. पिस्तूल असताना एवढी कधीच वाटली नव्हती.

"आता काही झालं तर?" मी न राहवून विचारलं.

"तर दोघी मिळून ओरडू," ताई म्हणाल्या, आणि काठीनं राख बाजूला सारून खालचा हिरवा कोंब मला दाखवला.

ते आमचं शेवटचं चालणं. नंतर माझी बदली झाली, लग्न ठरलं, नोकरी सोडली, इथे आले. सुरुवातीला सणासुदीला फोन व्हायचे. मग तेही राहिले. भांडण नाही, काही नाही, नुसतंच राहून गेलं.

नजमानं तळहातावरच्या बिया वाळूत टाकल्या. "मग आता तिच्यासोबत कोण जातं?" तिनं विचारलं.

दूरवर आमच्या गटातलं कुणीतरी हात हलवून बोलावत होतं. आम्ही उठलो.

यंदा उन्हाळा संपायच्या आधीच नजमाच्या नवऱ्याचं काम संपलं. खालच्या दारात सामान लादलेली गाडी उभी होती, आणि नजमा सारखी वर-खाली करत होती, काही विसरलं म्हणून. खरं तर काही विसरलेलं नव्हतं. शेवटी तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "कुणाला तरी धर गो चालायला. एकटी जाऊ नको." मी "इन्शाल्ला" म्हटलं. इथे राहून ती एक सोय झाली आहे, न होणाऱ्या गोष्टीलाही नाही म्हणावं लागत नाही. वरच्या मजल्यावर आता कुणी नवीन लोक आलेत. त्यांच्या पायांचे आवाज येतात, पण ते आवाज ओळखीचे नाहीत.

गेल्या शुक्रवारी मी एकटीच निघाले. नवरा रात्रपाळी करून झोपला होता, सईला यायचं नव्हतं. खारफुटीपाशी ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उभे होते. लाकडी वाटेवर एक कुटुंब फोटो काढत होतं, पुढे कुणीच नव्हतं. कोरड्या वाळूच्या कडेनं मी बरीच आत गेले. नजमाचा प्रश्न ऐकून दोन थंड्या होत आल्या होत्या, पण तो त्या सकाळी माझ्याबरोबर चालत होता. मी थांबले, फोन काढला. नंबर जुनाच होता. लागेल असं वाटलं नव्हतं.

बराच वेळ वाजला. मग उचलला गेला, आणि आधी नुसता वारा ऐकू आला. भरपूर वारा.

"कोण?" ताईंचा आवाज, धापा टाकत.

मी नाव सांगितलं.

"वैशाली? अगं, कुठून बोलतेयस?"

"कतारहून. तुम्ही कुठे आहात ताई? एवढी धाप का लागलीय?"

"कुठे असणार? चढतेय. शेवटचा चढ."

"पठारावर?"

"जेवढं उरलंय तेवढ्यावर."

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही," त्या अगदी सहज म्हणाल्या. "आणि तुझ्या?"

"कुणी नाही."

आता त्या म्हणतील की वर पोचल्यावर करते, ठेव, असं मला वाटलं. तसं त्या म्हणाल्या नाहीत. "मला चढताना बोलवत नाही हं," त्या म्हणाल्या. "पण तू ठेवू नकोस."

मी फोन कानाशी धरला आणि चालायला लागले. त्यांची काठी दगडावर वाजत होती. माझ्या बुटांखाली शिंपल्यांचा चुरा मोडत होता. तो त्यांना ऐकू येत होता की नाही, मला ठाऊक नाही. त्या एकदा थांबल्या, तेव्हा मीही थांबले. त्या निघाल्या, तशी मी निघाले. ओहोटीचं पाणी पार मागे गेलं होतं आणि समोर नुसती सपाट, ओली, चमकणारी जमीन होती. मग वळणावर कुठेतरी त्यांची रेंज गेली. तरी मी फोन तसाच कानाशी ठेवून आणखी बरंच चालत गेले.